प्लगिन ८४०, जीए४ ४०, ॲमेझॉन २६५: यातले खरे क्लिक कोणते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्डप्रेसवर स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा मराठी ब्लॉग आहे, मिक्सर, कुकर, एअर फ्रायर वगैरेंचे रिव्ह्यू, आणि ॲफिलिएट लिंका (ज्यांवरून खरेदी झाली की ब्लॉगला कमिशन मिळतं) एका प्लगिनमधून लावल्यात, म्हणजे प्रत्येक लिंक ब्लॉगच्याच डोमेनवर स्लॅश गो स्लॅश अमुकतमुक अशी दिसते आणि तिथून पुढे दुकानाच्या साईटवर जाते. एका महिन्यात प्लगिन ८४० क्लिक दाखवतं, गूगल ॲनालिटिक्स, म्हणजे जीए४, फक्त ४० आणि ॲमेझॉनच्या रिपोर्टात २६५. विश्वास कोणावर ठेवायचा, आणि मधल्या मधे कमिशन बुडतंय का?

बुडतंय असं निदान या आकड्यांवरून तरी दिसत नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजतायत. लग्नात हॉलवाला ताटं मोजतो, दारातला पोरगा अत्तर लावताना डोकी मोजतो आणि रात्री घरचे आहेराची पाकिटं मोजतात, हे तीन आकडे कधी जुळलेत का? तेव्हा तिन्ही आकडे सारखे करायच्या नादाला लागू नका. कोणता आकडा कशामुळे फुगतो आणि कशामुळे आटतो ते एकदा कळलं की पुरे, मग निर्णय घ्यायला एकच आकडा पकडायचा आणि बाकीचे दोन राखणीला ठेवायचे.

आधी जीए४ चे ४० घेऊ, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि बहुतेक लोक इथेच डोकं धरून बसतात. जीए४ मध्ये एन्हान्स्ड मेजरमेंट नावाची सोय असते, तिच्यात आउटबाउंड क्लिक आपोआप मोजले जातात, वेगळं काही करावं लागत नाही, म्हणून आपण निवांत असतो. मेख अशी की आउटबाउंड म्हणजे दुसऱ्या डोमेनकडे जाणारी लिंक. तुमची गो वाली लिंक पानावर तुमच्याच डोमेनची आहे, ती पुढे ॲमेझॉनवर जाते हे जीए४ ला त्या क्षणी दिसतच नाही, त्याच्या लेखी वाचक तुमच्याच ब्लॉगच्या दुसऱ्या पानावर चाललाय. म्हणून त्या सगळ्या लिंका शून्य. मग हे ४० आले कुठून? माझा अंदाज, काही पोस्टमध्ये फोटोवर किंवा तुलनेच्या टेबलात तुम्ही साईटस्ट्राइपमधून, म्हणजे ॲमेझॉनच्या पानावर वर दिसणाऱ्या लिंका बनवायच्या पट्टीतून, कॉपी केलेली थेट लिंक चिकटवली असणार, तेवढेच आउटबाउंड म्हणून नोंदले गेले. जीए४ च्या एक्सप्लोअर मध्ये क्लिक हा इव्हेंट (जीए४ ने नोंदवलेली घटना) घ्या, लिंक डोमेन आणि लिंक यूआरएल ही डायमेन्शन (रिपोर्टातले रकाने) लावा, दोन मिनिटांत खात्री होईल. तिथेच अजून एक गंमत दिसेल. इव्हेंटच्या साध्या पॅरामीटरची, म्हणजे त्याच्यासोबत जाणाऱ्या तपशिलाची, व्हॅल्यू १०० अक्षरांच्या पुढे कापली जाते, आणि ॲमेझॉनच्या सर्च पेजवरून उचललेली लिंक म्हणजे मारुतीचं शेपूट, त्यात तुमची ओळख सांगणारा, २१ ने संपणारा टॅग नेमका शेवटाकडे असतो, त्यामुळे रिपोर्टात तो बरेचदा कापलेलाच दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो की टॅग गेला कुठे. टॅग जागेवरच असतो, नोंद तोकडी असते. थेट लिंक लावताना मधला कचरा काढून डोमेननंतर डीपी ही दोन अक्षरं, मग असिन म्हणजे ॲमेझॉनचा वस्तूला दिलेला १० अक्षरी क्रमांक आणि मग टॅग एवढीच ठेवली तरी ती चालते आणि रिपोर्टातही अख्खी दिसते.

आता प्लगिनचे ८४०. प्लगिन सर्व्हरवर मोजतं, म्हणजे गो लिंकवर कोणीही, कोणीही म्हणजे अक्षरशः कोणीही, आलं की एक नोंद. वाचक आला एक, गूगलबॉट आला एक, बिंगबॉट, एएचरेफ्स, सेमरश, एआयवाले बॉट, प्रत्येकाचा एकेक. तुम्ही टेलिग्राम चॅनेलवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर गो लिंक टाकली की तो छोटा फोटो आणि शीर्षकाचा प्रीव्ह्यू बनवायला त्यांचा प्रोग्राम लिंक उघडून बघतो, तोही एक. आणि सगळ्यात हसू येतं ते तुटक्या लिंका शोधणाऱ्या प्लगिनचं, ते ठरावीक तासांनी तुमच्याच सगळ्या लिंका स्वतः उघडून तपासत बसतं, म्हणजे तुमचाच सर्व्हर तुमच्याच लिंकांवर क्लिक करतोय आणि तुम्ही महिनाअखेरीस खूश होताय की बाबा ट्रॅफिक वाढलं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर होस्टिंगच्या सीपॅनलमधून रॉ ॲक्सेस लॉग उतरवून घ्या आणि त्यात फक्त गो असलेल्या ओळी शोधा. प्रत्येक ओळीत आयपी, वेळ, कुठली लिंक, स्टेटस कोड, कुठून आला आणि शेवटी युजर एजंट, म्हणजे कोणता ब्राउझर किंवा बॉट ते सांगणारं नाव, असतो. माणसाची ओळ ओळखू येते, त्याआधी त्याच आयपीने तुमची पोस्ट उघडलेली असते, सोबत फोटो, फाँट, सीएसएस असं सगळं उतरवलेलं असतं, मग दोनपाच मिनिटांनी एक गो लिंक. बॉटचं असं नसतं, पोस्ट न उघडता थेट मिक्सर, कुकर, तवा, इस्त्री अशा ओळीने पंधरावीस लिंका काही सेकंदांत, कुठून आला त्या जागी रिकामी रेघ, आणि कित्येकदा गेट (अख्खं पान मागणारी) ऐवजी हेड (नुसती वरवरची माहिती मागणारी) प्रकारची मागणी. युजर एजंटमध्ये नाव लिहिणारे बॉट सभ्य म्हणायचे, बरेच जण सरळ क्रोम असल्याचं सोंग घेतात, तिथे ही चालच कामाला येते. लॉगमधली वेळ बऱ्याच होस्टिंगवर यूटीसी असते हेही लक्षात ठेवा, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, नाहीतर रात्री साडेनऊची गर्दी तुम्हाला दुपारी चारची वाटेल.

उलट दिशेनेही प्लगिन चुकतं, आणि ते कमी लोकांना माहीत असतं. रीडायरेक्ट, म्हणजे गो लिंकेवरून दुकानाकडे पाठवणं, ३०१ असेल, म्हणजे कायमचा, तर ब्राउझर तो लक्षात ठेवतो, तोच वाचक दुसऱ्यांदा तीच लिंक दाबतो तेव्हा ब्राउझर तुमच्या सर्व्हरला न विचारताच परस्पर पुढे जातो, क्लिक झालं पण नोंद नाही. म्हणून ॲफिलिएट लिंकेला ३०२ किंवा ३०७, म्हणजे तात्पुरता, ठेवायचा आणि उत्तरासोबत कॅश करू नका, म्हणजे साठवून ठेवू नका, असा हेडर पाठवायचा. क्लाउडफ्लेअरवर (तुमच्या सर्व्हरच्या पुढे उभी राहून पानं पोचवणारी सेवा) सगळं कॅश करा असा नियम लावलेला असेल तर त्यातून गो फोल्डर वगळा, नाहीतर क्लाउडफ्लेअरच रीडायरेक्ट देऊन टाकेल आणि प्लगिनला पत्ताच लागणार नाही. आणि प्लगिनमध्ये जे युनिक क्लिक म्हणून दाखवतात ते आयपीवरून काढलेले असतील तर त्यावर फार जाऊ नका, मोबाईल नेटवर्कवर एकाच आयपीमागे असंख्य लोक असतात आणि एकाच माणसाचा आयपी दिवसात बदलत राहतो, त्यामुळे हा आकडा दोन्ही बाजूंनी लटका.

मग इलाज काय. रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे बॉटनी कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल, तिच्यात गो फोल्डर डिसअलाउ करा, सभ्य बॉट तिथेच थांबतात. लिंकेच्या एचटीएमएल मधल्या रेल या ॲट्रिब्यूटमध्ये नोफॉलो आणि स्पॉन्सर्ड दोन्ही टाका, स्पॉन्सर्ड हे गूगलने २०१९ मध्ये खास अशा लिंकांसाठीच आणलंय. नोफॉलोचा आता एक जास्तीचा फायदा आहे. वर्डप्रेस ६.८ पासून स्पेक्युलेटिव्ह लोडिंग आलंय, म्हणजे वाचक लिंक दाबतोय असं वाटलं की ब्राउझर पुढचं पान आधीच मागवून ठेवतो, आणि वर्डप्रेसने त्यातून नोफॉलो असलेल्या लिंका मुळातच वगळल्यात. नुसत्या माऊस नेण्यावर पान मागवणारं एखादं वेगवाढीचं प्लगिन वेगळं लावलं असेल तर मात्र त्याच्या सेटिंगमध्ये गो हाताने वगळावं लागेल, नाहीतर कर्सर लिंकेवरून नुसता फिरला तरी क्लिक. तुटक्या लिंकांच्या तपासणीतूनही गो वगळा. प्लगिनमध्ये बॉट फिल्टर असेल तर चालू करा आणि लॉगइन केलेल्या ॲडमिनचे क्लिक मोजू नका ही खूण असेल तर तीही करा.

पण थांबा, ॲमेझॉनच्या लिंका मुळात गो मधून जायलाच नकोत. ॲमेझॉन असोसिएट्सच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या ॲफिलिएट योजनेच्या, करारात स्पष्ट आहे की आपण ॲमेझॉनवर चाललोय हे वाचकाला कळणार नाही अशा पद्धतीने लिंक झाकायची नाही. त्यांच्या स्वतःच्या छोट्या लिंका चालतात, तुमच्या डोमेनच्या वेषातल्या नाही. काही प्लगिनमध्ये ॲमेझॉनच्या लिंका आपोआप उघड्या करायची सोय असते, ती वापरा किंवा हाताने बदला. अकाउंट बंद झालं तर क्लिक मोजून काय लोणचं घालायचंय? गो ची पद्धत बाकीच्या ॲफिलिएट नेटवर्कांना ठेवा, तिथेही त्यांचे नियम वाचून.

ॲमेझॉनच्या लिंका थेट झाल्या की प्लगिन त्या मोजणार नाही, म्हणून मोजणी ब्राउझरमध्ये आणायची, आणि माझ्या मते निर्णयासाठी पकडायचा आकडा हाच. गूगल टॅग मॅनेजर घ्या, पानावर काय घडलं की कोणती नोंद पाठवायची ते ठरवणारं हे गूगलचं साधन. ट्रिगर, म्हणजे नोंद कधी पाठवायची ती अट, जस्ट लिंक्स हा घ्या, ऑल एलिमेंट्स नको, कारण लिंकेच्या आत फोटो असेल आणि वाचकाने फोटोवर बोट ठेवलं तर ऑल एलिमेंट्स तुम्हाला फोटोचा तपशील देतो, लिंकेचा नाही, आणि मग निम्मे क्लिक बिनपत्त्याचे. सम लिंक क्लिक्स निवडून अट एकच ठेवा, क्लिक यूआरएल मध्ये ॲमेझॉन, तिची छोटी लिंक किंवा गो यातलं काहीतरी असावं. मग जीए४ इव्हेंट, नाव ॲफिलिएट क्लिक असं काहीही ठेवा, पण क्लिक हे नाव नको कारण ते एन्हान्स्ड मेजरमेंटने आधीच घेतलंय आणि दोन्ही एकत्र झाले की खिचडी.

या इव्हेंटसोबत चार गोष्टी पाठवा, दुकान कोणतं, वस्तू कोणती, कोणत्या पोस्टमधून, आणि पोस्टमध्ये कुठे. ही चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची आणि तीच कोणी पाठवत नाही. लिंकेला एक डेटा ॲट्रिब्यूट लावायचा, त्यात वरचं-टेबल, मधला-मजकूर, शेवटचं-बटण असं लिहायचं, टॅग मॅनेजरमध्ये ऑटो इव्हेंट व्हेरिएबलने ते उचलायचं. मग दिसतं की ८०० शब्द लिहून खाली लावलेलं नारिंगी बटण कोणी दाबतच नाहीये आणि वरच्या टेबलातलं साधं मॉडेलचं नाव लोक दाबतायत. हे पॅरामीटर जीए४ मध्ये कस्टम डायमेन्शन म्हणून पहिल्याच दिवशी नोंदवा, नंतर नोंदवलं तर मागचा डेटा त्यात भरून येत नाही. आणि त्याच बैठकीत डेटा रिटेन्शन, म्हणजे जीए४ तपशील किती काळ साठवतं ते, २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर न्या, फुकट आहे, मूळ सेटिंग २ असतं आणि पुढच्या दिवाळीला या दिवाळीशी तुलना करायला गेलात की एक्सप्लोअर रिकामं.

ब्राउझरमधली मोजणी आटते, फुगत नाही, म्हणून मला ती बरी वाटते. आटते कशी? ब्रेव्ह ब्राउझर वापरणारे किंवा युब्लॉकसारखा जाहिराती अडवणारा प्रोग्राम लावलेले वाचक ॲनालिटिक्सला दिसतच नाहीत. लंडन, जर्मनीकडचे आपले मराठी वाचक कुकीच्या पाटीवर नाही म्हणाले की तेही गेले. राइट क्लिक करून नव्या टॅबमध्ये उघडलं किंवा मोबाईलवर दाबून धरून उघडलं तर ब्राउझर क्लिक हा इव्हेंट देतच नाही, माऊसच्या मधल्या बटणाला ऑक्सक्लिक असा वेगळा इव्हेंट मिळतो, टॅग मॅनेजरचा साधा ट्रिगर तो ऐकत नाही. एवढ्यासाठी कस्टम कोड लिहायचा का? गॅजेटचा ब्लॉग असता आणि निम्मे वाचक डेस्कटॉपवर असते तर हो म्हणालो असतो, रेसिपी आणि भांड्यांच्या ब्लॉगला नको, तिथे सगळी जनता मोबाईलवर अंगठ्याने चालते. एक मात्र बघाच, वेग वाढवण्यासाठी जावास्क्रिप्ट उशिरा लोड करा असं सेटिंग लावलं असेल तर वाचकाने स्क्रीनला हात लावेपर्यंत टॅग मॅनेजर लोडच होत नाही, आणि त्याचा पहिलाच स्पर्श लिंकेवर असेल तर ते क्लिक हातचं गेलं. टॅग मॅनेजर त्यातून वगळा, थोडा स्पीड स्कोअर पडू दे.

स्वतः कोड लिहिणार असाल तर क्लिक झाल्यावर नोंद पाठवायला सेंडबीकन वापरा किंवा फेच ला कीपअलाइव्ह लावा, साधी मागणी पान बदलताना अर्ध्यात मरते. लिंक अडवून आधी नोंद आणि मग अर्ध्या सेकंदाने पुढे पाठवायची जुनी युक्ती अजून काही ठिकाणी दिसते, ती नको, वाचकाला वाटतं लिंक अडकली आणि तो दोनदा दाबतो.

नेटवर्कांनी दिलेले बॅनर आयफ्रेममध्ये, म्हणजे तुमच्या पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या चौकटीत, असतील तर तिथे यातलं काहीच चालत नाही. आयफ्रेम दुसऱ्या डोमेनची, तिच्या आतलं क्लिक तुमच्या पानाला दिसू द्यायचं नाही हा ब्राउझरचा सुरक्षेचा नियमच आहे. पानावरचा फोकस गेला आणि तो त्या आयफ्रेमवर गेला तर क्लिक झालं असं धरायची एक पळवाट आहे, पण ती अंदाजपंचे दाहोदरसे. साधा फोटो आणि त्यावर साधी लिंक देणारा बॅनर मिळत असेल तर तोच घ्या.

आता ॲमेझॉनचे २६५. हा त्यांचा आकडा, त्यांच्या नियमांनी गाळून आलेला, आणि पैसे यावरच मिळणार असले तरी तो तुम्हाला कोणत्या पोस्टमधून काय आलं ते सांगत नाही. ते सांगायला लावायचं एकच साधन, ट्रॅकिंग आयडी. एका असोसिएट्स खात्यात १०० पर्यंत बनवता येतात आणि लोक जन्मभर एकच वापरतात. प्रत्येक पोस्टला एक द्यायला लागलात तर पुरणार नाहीत, म्हणून ज्या दहाबारा पोस्टांवर खरं ट्रॅफिक आहे त्यांना स्वतंत्र, त्यातही सगळ्यात वरच्या दोनतीन पोस्टांना टेबलाचा वेगळा आणि मजकुराचा वेगळा, आणि उरलेल्या सगळ्यांना विषयवार एकेक. आयडीच्या नावात मिक्सर-टेबल असं काहीतरी कळण्यासारखं लिहा, एबीसी१ वगैरे लिहिलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही. बाकी नेटवर्कांत हेच काम सबआयडी करतो, नावं वेगवेगळी, इम्पॅक्टला सबआयडी१, एविनला क्लिकरेफ, सीजेला एसआयडी, क्यूलिंक्स आणि ॲडमिटॅडला सबआयडी. तिथे मर्यादेची चिंता नाही, पोस्टचा आयडी आणि जागा जोडून पाठवा, ऑर्डर आली की तोच मजकूर रिपोर्टात परत येतो आणि मग क्लिक आणि पैसा यांची गाठ पडते. सबआयडीत वाचकाचं नाव, ईमेल असलं काही चुकूनही घालू नका.

ॲमेझॉनचा रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी डोक्यात ठेवा. क्लिकनंतर २४ तासांची खिडकी असते, त्यात वस्तू कार्टमध्ये टाकली तर ऑर्डर नंतर, साधारण ९० दिवसांपर्यंत, केली तरी धरतात. म्हणजे आजच्या कमाईतला एखादा कुकर गेल्या महिन्याच्या क्लिकचा असू शकतो. आणि माणूस मिक्सरच्या लिंकेवरून जातो आणि इअरफोन घेऊन येतो, त्याचंही कमिशन मिळतं, पण म्हणून इअरफोनवर पोस्ट लिहायला धावू नका. कमाई वस्तू पाठवली गेल्यावर लागते आणि परत आली की वजा होते, त्यामुळे चालू आठवड्याचे क्लिक आणि चालू आठवड्याची कमाई यांचा भागाकार करून प्रति क्लिक अमुक रुपये असं काढलंत तर तो आकडा रोज नाचेल. महिना संपल्यावर अजून दोनतीन आठवडे जाऊ द्या आणि मग काढा. भागताना खाली जीए४ चा किंवा ॲमेझॉनचा आकडा घ्या, प्लगिनचा नको, बॉट धरून भागलंत तर चांगली चालणारी लिंकही फुकट वाटायला लागते आणि तीच आपण काढून टाकतो.

सगळं लावून झाल्यावर दोन आकड्यांत किती फरक चालेल असं पुढे विचारलं जाणारच. टक्केवारी मी सांगणार नाही, ती तुमचे वाचक काय वापरतात त्यावर ठरते. फरक आठवड्यामागून आठवडा तेवढाच राहतोय का एवढं बघा. ॲमेझॉन नेहमी जीए४ पेक्षा थोडं जास्त दाखवत असेल तर दाखवू दे. जीए४ तेवढंच आणि ॲमेझॉन अचानक निम्म्यावर आलं तर मात्र त्याच दिवशी हलायचं, बहुतेक वेळा कुठल्या तरी टेबलातल्या लिंकेतून टॅग उडालेला असतो, कोणी पोस्ट अपडेट करताना दुकानाची लिंक नुसती कॉपी करून चिकटवलेली असते. उलटं झालं, ॲमेझॉन तेवढंच आणि जीए४ पडलं, तर थीम किंवा कॅश प्लगिनचं अपडेट बघा. आणि दोन्ही एकदम पडले तर मोजणीत काही बिघडलेलं नाही, वाचकच कमी झालेत, गूगल सर्चमधून किती येतात ते दाखवणारं सर्च कन्सोल उघडा.

तपासणी करताना स्वतःच्या लिंकेवरून खरेदी मात्र करू नका, घरच्यांनाही करायला लावू नका, ॲमेझॉनला ते चालत नाही. टॅग मॅनेजरचा प्रीव्ह्यू आणि जीए४ चा डीबगव्ह्यू उघडा, मोबाईलवरून एकेका प्रकारच्या लिंकेवर एकेकदा बोट ठेवा, इव्हेंट आला, चारही पॅरामीटर भरलेले आले, पुढच्या पानाच्या ॲड्रेसमध्ये टॅग दिसला की झालं. मुख्य रिपोर्टात ते दिसायला एकदोन दिवस लागतात, तोवर पुन्हा पुन्हा क्लिक करत बसू नका.